तेल कोणाला पाजायचं?

गेल्या वर्षी दसऱ्याला आईने गाडीची पूजा केली. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, नारळ गाडीवर न फोडता बाजूच्या दगडावर, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मग स्टिअरिंगला बोटं लावायला ती दार उघडून आत वाकली आणि हळदीचा करंडा ड्रायव्हरच्या सीटवर लवंडला. सीट बेज रंगाची. कोरडी हळद नुसती झटकली असती तरी निम्मं काम झालं असतं. पण मी शहाणा. कपड्याच्या साबणाची वडी ओल्या फडक्यावर फिरवली आणि घासायला लागलो. पिवळा डाग बघता बघता लाल झाला. आई म्हणाली, "अरे, कुंकू केलंस की तू."

ती शब्दशः बरोबर बोलत होती. हळदीतलं रंगद्रव्य क्षार लागला की लाल होतं. पूर्वी घरोघरी कुंकू करत ते असंच, हळदीवर चुना किंवा टाकणखार चालवून. साबणाच्या वडीत क्षार असतोच. तेव्हा निगडी प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चामड्याच्या सीटवर, मी ऐन दसऱ्याला कुंकू बनवलं.

या सीटवर माझ्या हातून झालेला हा पहिला अपराध नव्हे. गाडी सेकंडहँड घेतली, त्याला आता सहा-सात वर्षं झाली. विकणाऱ्याने किल्ली देताना सांगितलं होतं, "खरं लेदर आहे, जपा." जपायचं म्हणजे काय करायचं, ते सांगितलं नाही. मला जे ठाऊक होतं ते आजोबांकडून आलेलं. आमचं मूळ गाव खेड तालुक्यात, चाकणच्या पलीकडे. विहिरीवर इंजिन येण्याआधी तिथे मोट होती, चामड्याची. पावसाळ्यात मोट उतरली की तिला करंजाचं तेल पाजायचं, नाहीतर ती कडक होते, घडीवर चिरते, असं आजोबा सांगत. 'लावायचं' नव्हे, 'पाजायचं'. चामडं तेल पितं, ही आमच्या घरातली पक्की समजूत. कोल्हापुरी चपलेचंही तेच. नवी कोरी जोडी करकर वाजते आणि पायाला चावते. तेलाचं बोट फिरवलं, चार दिवस चाललं की ती पायाच्या वळणावर येते.

म्हणून मीही एका रविवारी वाटीभर खोबरेल तेल घेऊन बसलो आणि पाचही सीटांना निगुतीने पाजलं. सीटांनी ते प्यायलं नाही. दोन दिवस ते वरच बसून राहिलं. तिसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून ऑफिसला गेलो तर पाठीवर सीटच्या शिलाईचा नकाशा उठलेला. आठवड्याभरात तळवडे-चाकण रस्त्यावरची धूळ त्या तेलात मुरली आणि बेज सीटवर राखाडी चट्टे धरले. शिलाईच्या भोकांतून मात्र तेल आत गेलं होतं. तिथे दोरा काळा पडला, तो आजही काळाच आहे.

तेल मोट पिते आणि सीट का पीत नाही, याचं उत्तर मला हळदीच्या प्रकरणानंतर मिळालं. मोशीच्या बाजूला एका गाळ्यात गाड्या आतून-बाहेरून धुऊन चकचकीत करून देणारा एक मुलगा आहे. डिटेलिंग म्हणतात याला. मूळचा लातूरकडचा. आधी एका सीट बनवणाऱ्या कंपनीत कंत्राटावर होता. त्याने लाल डाग बघितला, हसला नाही (हे मला आवडलं), आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सर, आधी तेल लावलं होतं का?" मी हो म्हणालो. "नका लावत जाऊ. हे पीत नसतं. याला कोट आहे."

मग त्याने समोरची सीट पुढे सरकवली, टॉर्च मारला आणि सीटच्या खालच्या कडेला, जिथे कव्हर वळवून आत खोचलेलं असतं, तिथे एक कापलेली कड दाखवली. वरून गुळगुळीत बेज, आणि कापाच्या जागी निळसर राखाडी, नमद्यासारखं तंतुमय काहीतरी. ते खरं चामडं. बेज दिसत होता तो रंगाचा थर. बाजूच्या पॅनेलची कड दाखवली तर तिथे तंतू नव्हतेच, खाली विणलेलं कापड आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा. "हे लेदर नाही. जिथं तुमचं अंग टेकतं तेवढंच लेदर आहे. बाकी सगळं हे." म्हणजे 'खरं लेदर आहे' हे विकणाऱ्याचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धवट होतं. बहुतेक 'लेदर सीट'वाल्या गाड्यांची हीच तऱ्हा. बसायची आणि टेकायची जागा चामड्याची, बाजू आणि पाठ नकली.

मराठीत कातडं आणि चामडं हे दोन वेगळे शब्द आहेत. कातडं कच्चं असतं, कमावलं की त्याचं चामडं होतं. 'कमावणं' या क्रियापदाचा थाटच मोठा सुंदर आहे. आपण पैसा कमावतो, शरीर कमावतो आणि कातडी कमावतो. कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलं जातं. त्यावर रंगाचा जाड थर नसतो, छिद्रं उघडी असतात, म्हणून ते तेल पितं, घाम पितं, आणि मालकाच्या पायाचा रंग धरतं. गाडीचं चामडं बहुतांशी क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. त्या टप्प्यावर ते निळं दिसतं आणि धंद्यात त्याला 'वेट ब्ल्यू' म्हणतात. माझ्या सीटच्या कडेला दिसलेली निळसर छटा ती हीच. असं चामडं उकळत्या पाण्याच्या आसपासच्या तापमानालाही आकसत नाही, वनस्पतींच्या रसात कमावलेलं त्याच्या बरंच आधी आकसतं. उन्हात तापणाऱ्या गाडीत कोणतं टिकणार, हे उघड आहे.

पण हे निळं चामडं तसंच गाडीत जात नाही. जनावर आयुष्यभर तारेला घासलेलं असतं, गोचिडांनी चावलेलं असतं, काट्यांनी ओरखडलेलं असतं. ते सगळं कातडीवर लिहिलेलं असतं. म्हणून वरचा थर हलका घासून घेतात, त्यावर रंगाचे थर देतात, साच्याखाली दाबून चामड्यासारखी नक्षी उठवतात आणि शेवटी पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप चढवतात. म्हणजे सीटवर हात फिरवून आपण ज्या सुरकुत्यांना 'काय नैसर्गिक आहे!' म्हणतो, त्या बऱ्याचदा साच्याच्या असतात. युरोपच्या मानकानुसार हा वरचा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला तर त्या मालाला नुसतं 'लेदर' म्हणता येत नाही. चामडं साधारण एक-सव्वा मिलिमीटर जाड, आणि त्यावरचा हा लेप केसाएवढा. आपण रोज बसतो ते त्या लेपावर, पुसतो तोही तोच, आणि फाटतो तोही आधी तोच. सीट जपायची म्हणजे हा केसाएवढा लेप जपायचा. माझं खोबरेल त्याच्यावर पडून राहिलं यात नवल ते काय.

पिंपरी-चाकणच्या या पट्ट्यात खरं चामडं गाडीत बसून कधी आलं, ते साधारण सांगता येतं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज, बजाज टेंपो. पण तेव्हाचं सगळं बसणं रेक्झिनवरचं. आमच्याकडची चेतक स्कूटर, शेजारच्यांची फियाट, कंपनीची बस, सगळीकडे रेक्झिन. (रेक्झिन हे मुळात एका व्यापारी मालाचं नाव. मँचेस्टरजवळच्या हाईड नावाच्या गावी हे लेप दिलेलं कापड बनायचं. इंग्रजीत कातड्यालाही हाईडच म्हणतात, स्पेलिंग तेवढं वेगळं. नकली चामड्याला याहून चांगलं जन्मगाव मिळालं नसतं.) मे महिन्यात शाळेच्या हाफ पँटमध्ये फियाटच्या रेक्झिनवर बसलेल्या पिढीला मांडीला चिकटून 'चर्र' करत सुटणारी ती सीट आठवत असेल. म्हणून त्यावर लाकडी मण्यांची चटई असायची, नाहीतर नायलॉनच्या वायरची. साहेबांच्या अँबॅसेडरमध्ये पांढरा टर्किश टॉवेल.

मग १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझने टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात ई-क्लासची जोडणी सुरू केली आणि परदेशी चामड्याचा वास या मातीत आला. २००९ मध्ये त्यांचा कारखाना चाकणला गेला. त्याच वर्षी मार्चच्या शेवटच्या दिवशी फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचं उद्घाटन झालं, २०१० मध्ये महिंद्रा आली. २०११ मध्ये लँड रोव्हरची फ्रीलँडर याच पट्ट्यात जोडली जाऊ लागली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण पंधरा वर्षांत गाड्यांचं गाव झालं. पूर्वी मोटेला तेल पाजणारे हात तिथे होते, आता सीटला 'हॉग रिंग' मारणारे हात आहेत.

ही हॉग रिंग म्हणजे उघड्या कडीसारखी तार. कव्हर फोमवर ताणून मागच्या तारेला या कड्यांनी अडकवतात, बंदुकीसारख्या पक्कडीने. लातूरचा हा मुलगा वर्षभर तेच करत होता. सीट बहुधा गाडीच्या कारखान्यात बनत नाही. तिचा आकार अवाढव्य, साठवायला जागा फार लागते, म्हणून पुरवठादार जवळपासच असतो आणि लाईनवर गाड्या ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने सीटा भरून ट्रक येतो. काळी, बेज, काळी, पुढची तपकिरी. क्रम चुकला तर लाईन थांबते. "तिथं घड्याळ, अंगठी, बेल्टचं बक्कल काहीच चालत नव्हतं," तो म्हणाला. "एक चरा पडला तर सीट परत. आणि इथं लोक खिशात किल्ल्या ठेवून बसतात." कारखान्यात कामगाराचं बक्कलसुद्धा झाकून घेतात आणि शोरूमच्या बाहेर पडल्याबरोबर मालक मागच्या खिशात फुगलेलं पाकीट घेऊन त्याच सीटवर रोज दोन तास घासत बसतो. पुणे-नाशिक रस्त्यावर नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्या माणसाला हे दोन तास कमी वाटतील.

सगळ्यात आधी सीट कुठे जाते, हे आता कुणाच्याही गाडीत बघून मला सांगता येतं. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूची उंच कड. गाडीतून उतरताना दरवेळी आपण तिच्यावरून घसरतो. जीन्सच्या खिशाची पितळी बटणं, कमरेची किल्ली, कंपनीच्या ओळखपत्राची क्लिप, सगळं तिच्यावरून जातं. तिथला लेप आधी चमकतो, मग मऊ पडतो, मग बारीक चिरा दिसतात, आणि चिरांतून घाम आत शिरला की खालचं चामडं कडक होऊन लेप पापुद्र्याने सुटतो. लोक चमक आली की खूश होतात. ती चमक नवेपणाची नसते. नवी सीट मंद असते. चमकते ती अंगाचं तेल आणि मळ बसलेली.

मग करायचं काय? मुलाने जे करून दाखवलं त्यात जादू काही नव्हती. आधी व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून सांध्यांतली धूळ ओढली. ही पायरी आपण सगळे गाळतो. इथल्या धुळीत खडीच्या ट्रकांची कच असते, ओल्या फडक्याखाली ती पॉलिश पेपरसारखी चालते. मग सौम्य क्लीनरचा फेस ब्रशवर घेतला, सीटवर नाही. मऊ केसांचा ब्रश, हातभर चौकोन, गोल गोल, दाब जवळजवळ शून्य. फेस काळा झाला की लगेच ओलसर फडक्याने उचलला, मग कोरड्याने. मग पुढचा चौकोन. भोकं असलेल्या सीटवर तर त्याने फेसही फडक्यावरच घेतला, कारण हवा फेकणाऱ्या सीटमध्ये त्या भोकांखाली पंखा असतो आणि खाली वायरी. एका सीटला पंचवीस मिनिटं लागली. शेवटी संरक्षक लोशनचा हात फिरवला तो इतका पातळ, की मला वाटलं विसरलाच. "जास्त लावलं तर सर, तुमच्या खोबरेलसारखंच होतंय."

दर दोन-तीन महिन्यांनी एवढं पुरतं. चुका मात्र किती प्रकारे करता येतात, त्याची मोजदाद नाही. डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश सीटला मारलं की फोटो छान येतो, पण ब्रेक दाबला की माणूस पुढे घसरतो. पेनाचा डाग काढायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावला तर डागाबरोबर रंगही फडक्यावर येतो. काच पुसायच्या स्प्रेमधला अमोनिया, टूथपेस्ट, आणि तो पांढरा 'मॅजिक' स्पंज, जो प्रत्यक्षात अतिबारीक पॉलिश पेपरच असतो. २०२० मध्ये मी स्वतः रोज गाडीत बसल्यावर हाताला आणि मग उत्साहाने सीटलाही सॅनिटायझर मारत होतो. अल्कोहोलने लेप मऊ पडला आणि आर्मरेस्टवर माझ्या कोपराच्या आकाराचा एक धुरकट ठसा कायमचा बसला. त्या वर्षाची माझ्याकडे दुसरी काही निशाणी नाही, ती तेवढी आहे.

बेज सीटवर गडद जीन्सची निळाई उतरते, तो प्रश्न वेगळा. नवी, न धुतलेली जीन्स, घाम आणि उष्णता एकत्र आली की नीळ लेपात सरकते. वेळेवर पुसली तर निघते, महिनाभर राहिली तर लेपातच मुरते. उपाय म्हटला तर नवी जीन्स दोनदा धुणं. किंवा काळी सीट घेणं. ती मे महिन्यात चटका देते ही गोष्ट निराळी.

आपल्याकडच्या सीटचा खरा शत्रू मात्र ऊन नव्हे, पाऊस आहे असं माझं मत झालं आहे. जून ते सप्टेंबर गाडी बंद, काचा वर, पायपुसण्या ओल्या, मागच्या सीटवर रेनकोट. आठवडाभर गावाला जाऊन आलो की सीटवर पांढरी बुरशी. बुरशी चामडं खायला येत नाही सुरुवातीला, ती आपल्या घामाच्या आणि तेलाच्या थरावर उगवते. माझ्या खोबरेलाने तर तिला पंगतच वाढली होती. कधी कधी मात्र दिसणारी पांढरी भुकटी बुरशी नसते, थंडीत चामड्यातली चरबी वर येऊन गोठलेली असते. ओळखायची खूण मुलाने सांगितली. केस वाळवायचा ड्रायर लांबून धरायचा. चरबी असेल तर वितळून नाहीशी होते, बुरशी जागची हलत नाही. बुरशी असेल तर ती गाडीतच झटकायची नाही, तिचे कण एसीत जातात. ओलसर फडक्याने उचलायची, फडकं टाकून द्यायचं आणि दारं उघडी ठेवून सीट सावलीत वाळवायची.

आणि प्लास्टिक! नव्या गाडीच्या सीटवर कारखान्यातून जे पातळ प्लास्टिक येतं ते वाहतुकीपुरतं असतं. आपल्याकडे ते वर्षवर्ष निघत नाही. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत मी दोन पावसाळे काढलेलं प्लास्टिक बघितलं आहे, आत सीट घामेजलेली. नवेपणा राखायचा म्हणून आपण वस्तू कधी वापरतच नाही. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, सोफ्याला कव्हर, कव्हरला चादर.

कव्हरवरून काळेवाडीतल्या सीट कव्हर शिवणाऱ्या मास्तरांची आठवण झाली. दोन शिलाई मशीन, छताला टांगलेले कव्हरांचे संच, आणि रंगांच्या नमुन्यांचा गठ्ठा हातात. मी विचारलं, "हे नापा लेदर म्हणजे कोणत्या जनावराचं?" मास्तर निवांतपणे म्हणाले, "कशाचंच नाही साहेब. पीयू आहे. पण नापा म्हटलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं." नापा हे मूळचं मऊ चामड्याच्या एका प्रकाराचं नाव, बाजारात ते आता मऊ प्लास्टिकचं झालं आहे. मास्तरांना मी खोटारडे म्हणणार नाही, विचारलं तर त्यांनी खरं सांगितलं. विचारतं कोण?

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, आणि पीव्हीसी, म्हणजे आजचं रेक्झिन, यांचं म्हातारपणही वेगळं. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हात हळूहळू उडून जातं. गाडीच्या पुढच्या काचेवर आतून जो तेलकट धुरकट थर बसतो, त्यात त्याचाही हात असतो. ते उडालं की रेक्झिन ताठ होतं आणि चिरतं. पीयूला दमटपणा मारतो. स्वस्त पीयूचे बंध पाण्याच्या वाफेने तुटत जातात आणि एक दिवस पापुद्रे सुटून पँटीला चिकटतात. त्यावर तेल, लोशन, कंडिशनर कशाचाच उपाय नाही. दुकानात 'लेदर कंडिशनर' म्हणून विकत घेतलेली बाटली पीयूवर ओतणारे लोक कितीतरी, आणि त्यात मीही होतो, बाजूच्या पॅनेलपुरता.

मास्तरांकडून बाहेर पडताना एक गोष्ट खटकली होती ती लिहायलाच हवी. हल्लीच्या अनेक गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या बाहेरच्या कुशीत असते. तिथे कारखान्यात मुद्दाम कच्च्या दोऱ्याची शिलाई घालतात, फुटताना ती उसवून एअरबॅग बाहेर यावी म्हणून. वरून जाड कव्हर घट्ट चढवलं की ती वाट अडते. 'एअरबॅगवालं कव्हर' म्हणून जे मिळतं त्यात बाजूला फट ठेवलेली असते, पण ती नेमक्या जागी आली की नाही हे कोण तपासतं? सीट जपायच्या नादात माणूस उघडा पडतो. सीटच्या कडेला 'एअरबॅग'ची चिठ्ठी शिवलेली दिसली तर तिथे कव्हर न घातलेलं बरं, एवढं मी ठामपणे म्हणेन.

चामडं हवंच कशाला, असं विचारणारेही या पट्ट्यात आहेत, आणि त्यांचा आवाज जुना आहे. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. माळकरी घरातला मुलगा मोठी गाडी घ्यायला गेला की आई विचारते, "गाईचं नाही ना रे?" त्या प्रश्नाला शोरूममध्ये 'लेदरेट' हे उत्तर मिळालं की समाधान होतं. मर्सिडीजसुद्धा कित्येक गाड्यांत 'आर्टिको' नावाचं कृत्रिम चामडं देते. ते बहुतेकांना ओळखू येत नाही आणि देखभालीला सोपं असतं. उलट ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली, मोटा शिवल्या, त्यांना त्याच कामासाठी गावाबाहेर ठेवलं गेलं, आणि आज तेच चामडं 'जेन्युइन' म्हणून वरच्या मॉडेलच्या किमतीत बसतं. आमच्या मोटेला टाके घालणारा चांभार वाड्याच्या ओट्याखालीच बसायचा, हे आजोबा अगदी सहज सांगत. मोटेला पाजायच्या तेलाचं नाव त्यांना आठवत होतं. त्या चांभाराचं नाव आठवत नव्हतं.

राहिला माझा लाल डाग. मुलाने तो घासला नाही. साध्या पाण्याने फडकं पिळून साबणाचा अंश तेवढा उचलला. क्षार गेला तसा डाग लालाचा पिवळा झाला. मग म्हणाला, "आता काही करू नका. गाडी उन्हात लावा. हळद उन्हाला टिकत नाही." सीटला उन्हापासून वाचवा म्हणून सगळे सांगतात, आणि हा उन्हात लावा म्हणत होता. ऑक्टोबरचं ऊन होतं. आठवडाभर मी चाकणला कंपनीच्या मैदानात झाडाखालची जागा सोडून मुद्दाम उघड्यावर गाडी लावली, डागाची बाजू दुपारच्या उन्हाला करून. बाकीच्या सीटांवर घरचे पांढरे टॉवेल टाकले होते, तेव्हा वॉचमन रोज जरा जास्तच अदबीने सलाम करायचा. दिवाळीपर्यंत लेपावरचा पिवळा पार गेला. शिलाईच्या दोऱ्यात थोडा राहिला आहे, काळ्या दोऱ्याच्या शेजारीच.

यंदा दसऱ्याला आईने करंडा ओट्यावरच ठेवला. बोटाच्या टोकावर चिमूटभर हळद घेऊन आली, दुसऱ्या हाताचा तळवा त्याखाली धरून, देवापाशी निरांजन नेतात तशी.